किमतीचा रकाना

तादेउ आला तेव्हा त्याच्याकडे एक बॅग होती
आणि चार रंगांचे चिकट कागद.
साओ पाउलोहून विमानानं, मग बसनं,
इताजाई नदीच्या काठाकाठानं वळत.
ब्लुमेनाऊत आमची कंपनी बत्तीस माणसांची,
टॉवेल विणणाऱ्या कारखान्यांना पगाराचं सॉफ्टवेअर देणारी
आणि दर महिन्याच्या एकोणतीस तारखेला
हमखास कोसळणारी.

मी हिशेब बघते, कोड नाही.
म्हणून मला तो आठवतो असा:
पाच दिवस, अठरा हजार रेआल, जेवण वेगळं.

बोलायचा छान.
रोज सकाळी पंधरा मिनिटं भेटा, उभ्यानं.
कामं भिंतीवर लावा, डोक्यात ठेवू नका.
आणि काही मोडलं की सगळे थांबा.
पुढचं लिहू नका. आधी मोडलेलं जोडा.
सगळ्यांनी माना हलवल्या.
वाल्मोरनं तर टिपून घेतलं, शाईच्या पेनानं.

तादेउ गेला. उभं राहणं उरलं.
सकाळी नऊला आम्ही गोल करून उभे,
कुणाचा तरी वाढदिवस असावा
आणि केक यायचा राहिलेला असावा तसे.
जुसेमार सांगायचा, काल केलं तेच आज.
दमट हवेत कागदांचा गोंद सुटायचा,
रात्रीची सफाईवाली ते झाडून न्यायची
आणि सकाळी भिंतीवरचं शहाणपण
थोडं कमी झालेलं असायचं.

थांबलं मात्र कुणीच नाही.
थांबायचं म्हणजे हात रिकामे,
आणि आमच्या गावात रिकामे हात
फक्त आजाऱ्याचे असतात.
एकोणतीस आली. कोसळलो.
घडा पालथा होता असं मी म्हणणार नाही.
घडा सरळच होता, काठोकाठ भरलेला,
आमच्याच पाण्यानं.

रोस्विटा बोलली ती पुढच्या महिन्यात,
कुणी विचारलं नसताना.
ती चाचण्या बघते. त्याआधी बावीस वर्षं
माग बघायची, गिरणी बंद होईपर्यंत.
पडद्यावर लाल ओळ होती
आणि जुसेमार तिच्या खाली लिहीतच होता.
ती म्हणाली, धागा तुटलाय, आणि तू विणतोयस.

मग तिनं खिशातून, नाही, खिशातून नाही,
किल्ल्यांच्या जुडग्यातून
पत्र्याची एक पट्टी सोडवली. बोटाएवढी, मधे भोक.
ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर अशी एक लटकते.
धागा शाबूत, तोवर ही अधांतरी.
तुटला की पडते.
पडली की माग थांबतो.
मुकादमाला विचारत बसत नाही.
तीन हजार धागे, तीन हजार पट्ट्या.
आणि नाही थांबला तर पुढचे चाळीस मीटर
फाटके विणले जातात,
ते उसवायला मला बसवायचे.

वाल्मोरचा बाप त्याच गिरणीत, रंगखात्यात.
जुसेमारची आई शिवणखात्यात.
माझी मावशी टॉवेलांच्या घड्या घालायची,
घरी आली तरी हात घड्याच घालत राहायचे.
तादेउनं पाच दिवस जे सांगितलं
ते आमच्याकडे होतंच की,
फक्त दुसऱ्या खात्यावर जमा.

त्या दुपारी जुसेमारनं एवढंसं काहीतरी लिहिलं:
चाचणी मोडली की सगळ्यांच्या पडद्यांना कुलूप
आणि स्पीकरवर पत्रा पडल्याचा आवाज.
आवाज रोस्विटानं चारदा नाकारला.
खोटा आहे, म्हणाली.
शेवटी तिचीच पट्टी फरशीवर टाकून
तो आवाज घेतला.

पहिल्या आठवड्यात सतरा वेळा वाजला.
वाल्मोर चिडला. मीही चिडले,
थांबलेला तासही पगारीच असतो.
एकोणतीसला पुन्हा कोसळलो,
पण जेवणाच्या सुट्टीआधी उठून बसलो होतो.
त्याच्या पुढच्या महिन्यात फोन वाजला नाही.
रिसीव्हर नीट ठेवलाय ना, मी दोनदा बघून आले.

आता वर्षअखेर. मी मालमत्तेची यादी करते आहे.
खुर्च्या चौतीस, एक डुगडुगणारी.
चिकट कागद, न फोडलेले, अकरा पुडके.
पत्र्याची पट्टी, एक.
किमतीच्या रकान्यात काय लिहू, वाल्मोरला विचारलं.
तो म्हणाला, उद्या बघू.
रोस्विटा दारातून म्हणाली,
यादीत कशाला घालतेस, परत दे मला,
माझ्या किल्ल्या सुटतायत.